पेठ नाक्याजवळचे गावठी धान्याचे दुकान : वर्षभराच्या खरेदीनंतर

नाशिकच्या पेठ नाक्यापासून थोडे आत, एका गल्लीच्या तोंडाशी दीड गाळ्याचे एक धान्याचे दुकान आहे. त्याला स्वतःचे असे नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘येथे गावठी धान्य मिळेल’ एवढेच रंगवलेले आहे आणि येणारे-जाणारेही त्याला तसेच ओळखतात. गेल्या दिवाळीपासून यंदाच्या दिवाळीपर्यंत आमच्या पाच माणसांच्या घरातील नागली (म्हणजे नाचणी), वरई, तांदूळ, हुलगे, उडीद आणि खुरासणी (म्हणजे कारळे) मी या एकाच दुकानातून घेतली. एक-दोन वेळच्या खरेदीवर मत देणे मला योग्य वाटत नव्हते. धान्य घरात राहिले, त्याच्यावरून एक पावसाळा गेला, ते दळले, शिजवले आणि शेवटच्या मुठीपर्यंत संपवले, की मगच त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येते. म्हणून पूर्ण वर्ष जाऊ दिले.

मी या दुकानाकडे वळले ते चवीसाठी किंवा पथ्यासाठी नव्हे, काळजीपोटी. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत आमच्या नेहमीच्या किराणा दुकानदाराने सूर्यफुलाच्या तेलाचा डबा देताना हात आखडता घेतला, कारण आपल्याकडे येणारे हे तेल तेव्हा बहुतांश त्याच दोन देशांतून येत असे. पामतेलाकडे वळावे, तर २८ एप्रिलला इंडोनेशियाने त्याची निर्यात थांबवली. दरम्यान हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च आपल्या देशाने सोसला होता. उत्तरेत ऐन दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला ऊन लागले, १११ दशलक्ष टनांचा अंदाज मे महिन्यात १०६ दशलक्ष टनांवर आणावा लागला आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. वर्षाचा गहू भरण्याचे आमचे तेच दिवस असतात. दाण्याचे पोट खपाटीला गेलेला तो गहू हातात घेऊन पाहताना मला प्रथमच असे वाटले की, आपल्या स्वयंपाकघराची दोरी किती दूरच्या आणि किती थोड्या हातांत आहे.

आपण नाशिककरांनी या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजी उघडली. त्या पाच महिन्यांत लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याचे काय झाले, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु त्याच पाच महिन्यांत आपल्या कांद्यावर अवलंबून असलेल्या बांगलादेशातील आणि श्रीलंकेतील घरांत काय झाले असेल, याचा विचार आपण फारसा केला नाही. आम्हाला तेल मिळत नव्हते तेव्हा आमची जी अवस्था होती, तीच त्यांची कांद्यावाचून झाली असणार. टंचाईची चाहूल लागली की प्रत्येक देश आधी आपले दार लावून घेतो, हे त्या दोन वर्षांत स्पष्ट दिसले, आणि तसे करणाऱ्याला सर्वस्वी दोषही देता येत नाही. म्हणूनच आपल्या ताटातील काही घास तरी चालत जाऊन आणता येईल अशा ठिकाणाहून यावा, एवढ्या साध्या इच्छेने मी या दुकानाची पायरी चढले.

दुकान चालवणाऱ्या ताई पेठ तालुक्यातील आहेत. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील दहा-बारा पाड्यांवरून त्या माल आणतात. बराचसा माल एसटीच्या टपावरून किंवा भाजीच्या परतीच्या पिकअपमधून येतो. प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी असते आणि तिच्यावर गाव, शेत माळावरचे की खाचराचे, आणि काढणीचा महिना एवढे निळ्या पेनाने लिहिलेले असते. मला या दुकानात सर्वांत अधिक आवडलेली वस्तू म्हणजे ती चिठ्ठी. मोठ्या दुकानातील चकचकीत पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, परंतु आतील धान्य कोणत्या हंगामाचे आणि कोणत्या मातीतले, हे त्यावर कोठेही नसते. गव्हाच्या पोत्यावर मात्र अशी चिठ्ठी नव्हती. विचारल्यावर ताई म्हणाल्या, “काकू, गहू आमच्याकडं होत नाही. तो यार्डातनं आणते, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवते. तुमच्या नेहमीच्या दुकानातला घ्या, तो स्वस्त पडेल.” आपल्याच मालाविषयी असे सांगणारा दुकानदार माझ्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

आता मालाविषयी. नागली या दुकानाचा मुख्य माल आहे आणि ती उत्तम आहे. दाणा बारीक, विटकरी-तांबूस, मुठीत घेतला तर मोहरीसारखा निसटणारा. मी प्रथम पाच किलो घेतली, नंतर प्रत्येक वेळी दहा. वर्षभरात तिला एकदाही कीड लागली नाही. यात दुकानाचे श्रेय थोडे आणि धान्याचे अधिक आहे. नागलीचा दाणा इतका लहान व कठीण असतो की किडीला त्यात घर करता येत नाही, आणि कोरडी ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. डोंगरातल्या घरांतून कणगीच्या तळाशी मागच्या हंगामाची नागली राखून ठेवण्याची रीत होती ती यामुळेच. पावसाने दगा दिला तर त्या तळाच्या नागलीवर दिवस काढता येत. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आता सर्वांना माहीत झाले आहे आणि बहुतेक लोक तेवढ्यासाठीच ती घेतात. परंतु न किडता टिकण्याचा तिचा गुण, माझ्या मते, त्याहून मोलाचा आहे.

नागलीचे पीठ मात्र या दुकानातून घेऊ नये. फेब्रुवारीत मी घाईत दोन किलो तयार पीठ घेतले, ते किंचित कडवट निघाले. ते दोन महिने आधी दळलेले होते, असे नंतर कळले. परत करायला गेले तेव्हा ताईंनी वाद न घालता दाणे बदलून दिले, परंतु पिठाच्या पिशवीवर दळल्याची तारीख लिहिण्याची सूचना मी केली होती, ती अद्याप अमलात आलेली नाही. पोत्यांवर इतकी काटेकोर चिठ्ठी बांधणाऱ्या माणसाने पिठाच्या बाबतीत अशी ढिलाई करावी, हे मला पटत नाही. दाणे घ्यावेत, घरी स्वच्छ करून थोडेथोडे दळून आणावेत.

नागलीची पहिली भाकरी माझ्याकडून फाटली, ती सासूबाईंनी सावरली. त्यांनी पाणी उकळू दिले, त्यात चिमूटभर मीठ टाकले, पीठ एकदम न लोटता वरून पसरले, उलथन्याच्या दांड्याने दोनदा भोसकले आणि झाकण ठेवून गॅस बंद केला. वाफ मुरल्यावर परातीत हात भाजेल इतके गरम असतानाच तळव्याच्या टाचेने मळायला घेतले. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नाही. जो काही चिवटपणा येतो तो उकडीने आणि मळण्याने. कडा चिरू लागल्या की ओल्या बोटाने त्या लिंपत त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले आणि ती फुगल्यावर खुरासणीच्या चटणीबरोबर पहिला तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

सासूबाई येवल्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. त्या दिवसांत रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. “मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती, पण तिनंच जगवलं,” असे त्या अजूनही म्हणतात आणि या वाक्याचे दोन्ही अर्धे त्यांना सारखेच खरे वाटतात. परदेशातून धान्य येऊ शकले म्हणून माणसे वाचली, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच १९७२ साली सोव्हिएत संघाचेही पीक बुडाले, त्याने अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला आणि पुढच्या दोन वर्षांत जगभर गव्हाचे भाव कडाडले. येवल्यात पाऊस न पडणे आणि दूर कोठेतरी दुसऱ्या देशाचे पीक जाणे, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडू शकतात. जगाच्या अन्नपुरवठ्याविषयी मला वाटणारी भीती नेमकी हीच आहे. एक कोठार रिकामे झाले तर दुसरे असते. परंतु तापमान वाढत जाईल तसतशी दोन-तीन मोठ्या कोठारांत एकाच हंगामात नापिकी होण्याची शक्यताही वाढत जाईल, आणि ज्याच्याकडे पैसे कमी त्याचे ताट सर्वांत आधी रिकामे होईल. आजही, जगात धान्याचे उत्पादन वर्षाला सुमारे २८० कोटी टन असताना, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ६७ कोटींहून अधिक माणसे उपाशी होती.

वरई या दुकानात दोन प्रकारची मिळते. उपवासाची भगर म्हणजे हीच वरई. नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्या आहेतच आणि आपल्याला तिचा पांढराशुभ्र दाणा ओळखीचा आहे. येथील गिरणीची वरई तशीच आहे आणि तिच्यात विशेष काही नाही. दुसरी मात्र पाड्यावर जात्यावर भरडून, सुपाने पाखडून आलेली असते. ती राखाडी-पिवळसर दिसते, शिजायला अधिक वेळ आणि अधिक पाणी घेते, आणि तिचा भात मोकळा न होता थोडा आसट होतो. त्याला एक ओल्या गवतासारखा मंद वास असतो, तो आमच्या घरात तिघांना आवडला आणि दोघांना आवडला नाही. तिच्यात खडे निघतात. पहिल्या खेपेच्या दोन किलोंत मी जवळपास चमचाभर बारीक खडे वेचले. खळे सारवलेल्या जमिनीवर असते, तेव्हा थोडे खडे येणारच, हे मान्य आहे. परंतु दात अधू झालेल्या माणसांच्या घरी ही वरई रोळून घेतल्याशिवाय कदापि शिजवू नये, आणि ही सूचना दुकानाने स्वतः द्यायला हवी.

याहून गंभीर तक्रार साठवणीची आहे. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मागच्या अर्ध्या गाळ्याच्या भिंतीला ओल आलेली होती आणि वरईची पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकून ठेवलेली होती. भगरीला ओल लागली तर बुरशी धरते आणि तशा भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात अनेकदा घडलेल्या आहेत. मी त्या दिवशी वरई घेतली नाही आणि कारण स्पष्ट सांगितले. ताईंना ते लागले, परंतु त्यांनी ऐकले. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर होती आणि भिंतीलगतची दोन पोती गुरांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढलेली होती. ओल आलेली भिंत मात्र तशीच आहे. गाळा भाड्याचा आहे आणि मालक दुरुस्ती करत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्याचा बंदोबस्त झाला नाही, तर जुलै ते सप्टेंबर या काळात तेथून वरई घेऊ नये, असे मी कोणालाही सांगेन.

तांदूळ चांगला आहे. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यातील इंद्रायणी नाशिककरांना परिचित आहे, ती येथेही मिळते. परंतु तेवढ्यासाठी या दुकानात येण्याची गरज नाही. यावे ते खाचरातल्या जुन्या, लालसर, आखूड दाण्याच्या तांदळासाठी. तो हातसडीचा असतो, त्यावर कोंड्याचा थर राहतो, आणि त्या कोंड्यातील तेलामुळे तो उन्हाळ्यात खवट होतो. म्हणून तो महिन्यापुरताच घ्यावा. आम्ही जानेवारीत वर्षाचा समजून वीस किलो भरला आणि एप्रिलअखेर उरलेला पाच किलो इडलीसाठी भिजवून कसाबसा संपवला. ही चूक माझी होती, दुकानाची नव्हती. हुलगे आणि उडीद निर्दोष होते. खुरासणी थोडी महाग वाटली, परंतु तिच्या चटणीची जागा दुसरे काही घेत नाही.

पाटीच्या खाली एक लहान फलक आहे, त्यावर ‘रसायनमुक्त’ असे लिहिलेले आहे. याबद्दल मी खोदून विचारले. नागली आणि वरई डोंगरउतारावर होतात, राबाची, म्हणजे शेतात भाजलेल्या पालापाचोळ्याची, राख आणि शेणखत यांपलीकडे त्यांना कोणी काही घालत नाही, असे ताईंनी सांगितले, आणि तो भाग पाहिलेला असल्याने मला ते पटले. भाताच्या आवणीनंतर मात्र काही शेतकरी युरियाची एखादी गोणी मारतात, हेही त्यांनी लपवले नाही. मग तो शब्द सरसकट सर्व मालाच्या डोक्यावर का, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मते तो फलक काढावा. चिठ्ठीवर जी खरी माहिती आहे तिच्यासमोर त्या शब्दाची गरजही नाही. खताविषयीची माझी आस्था वेगळ्या कारणाने आहे. पोटॅश आपण जवळपास सर्वच आयात करतो, डीएपी या स्फुरदयुक्त खतासाठीही परदेशावर अवलंबून आहोत, आणि २०२२ मध्ये त्यांचे भाव जसे चढले तसे पुन्हा चढले तर केवळ त्या गोण्यांवर उभे असलेले पीक अडचणीत येईल. ज्या पिकाला गोणी लागतच नाही, ते अशा वर्षी निदान उभे तरी राहील.

दुकानाचा सर्वांत मोलाचा भाग गल्ल्याच्या मागे आहे आणि बहुतेक गिऱ्हाइकांच्या तो लक्षातही येत नाही. तेथे आढ्याला नागलीच्या कणसांच्या जुड्या उलट्या टांगलेल्या आहेत. काही कणसे मुठीसारखी आतल्या बाजूला मिटलेली, काही बोटे पसरल्यासारखी मोकळी. खाली फडताळात वालाच्या आणि घेवड्याच्या शेंगा, राखेत घोळवून मडक्यात भरलेल्या काकडी-दोडक्याच्या बिया, आणि प्रत्येक मडक्याच्या गळ्याला तीच पुठ्ठ्याची चिठ्ठी. हे बियाणे विकत मिळत नाही. मूठभर न्यायचे आणि पीक आल्यावर दोन मुठी आणून द्यायच्या, असा नियम आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आयुष्यभर केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ताई त्यांचे नाव आदराने घेतात. शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच नव्हे तर ब्रँडच्या नावाने नसेल तर विकण्याचाही अधिकार २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. मी ही माहिती दिली तेव्हा ताईंना ती नवीन होती. “आम्ही पहिल्यापासून असंच करतो, त्याला कायदा लागतो का?” असे त्यांनी विचारले.

हे फडताळ इतके महत्त्वाचे का वाटते, ते सांगते. जगात सुमारे ६,००० वनस्पती अन्नासाठी लावल्या जातात, परंतु अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भाग केवळ नऊ पिकांतून येतो. त्या नऊ पिकांतही पुन्हा मोजकीच वाणे मोठ्या क्षेत्रावर असतात. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावर करपा पडला आणि देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला, कारण तेथील बहुतेक संकरित मका एकाच मातृगुणाच्या वाणापासून तयार केलेला होता आणि तो गुणच रोगाला बळी पडणारा निघाला. रोगाला एका रोपाचे दार उघडे मिळाले की सर्वांचे मिळाले. यावर उपाय म्हणून नॉर्वेतील स्वालबार्ड येथे, बर्फाळ डोंगराच्या पोटात, २००८ मध्ये बियाण्यांची तिजोरी उघडण्यात आली आणि आज तेथे दहा लाखांहून अधिक नमुने जपलेले आहेत. आपल्याकडे दिल्लीतही राष्ट्रीय जनुकपेढी आहे. त्या संस्थांचे काम मोठे आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही थंडगार खोलीत निजलेले बी आणि दरवर्षी पेठच्या उतारावर पाऊस, दडी आणि वारा खाऊन पुन्हा कणसाला येणारे बी यांत फरक राहतो. दुसरे बी बदलत्या हवेबरोबर स्वतः बदलत जाते. ते त्या फडताळात आहे आणि ते जपणाऱ्या बाईला महिन्याचे गाळाभाडे चुकवायचे आहे.

त्यामुळे भावाचा मुद्दा टाळता येत नाही. नागली मला किलोला ७० रुपयांना पडली. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला ४९ रुपयांच्या आसपास. ताई पाड्यावर ५५ रुपये मोजतात, असे त्यांनी आणि मागे तेथे भेटलेल्या एका शेतकरी दादांनीही सांगितले. वाहतूक, चाळणे, तूट आणि भाडे धरले तर उरलेल्या पंधरा रुपयांत त्यांना फार सुटत असेल असे वाटत नाही. ज्याला परवडते त्याने हा भाव घासाघीस न करता द्यावा. परंतु ज्या घरात पाच माणसांचे पोट रेशनच्या फुकट गहू-तांदळावर चालते, त्या घराला ७० रुपयांची नागली घ्या असे सांगणे क्रूरपणाचे होईल. देशातील सुमारे ८१ कोटी लोकांना ते धान्य मिळते आणि तो आधार मी कधीही कमी लेखणार नाही. नागली रेशनच्याच दुकानात, गव्हाच्या शेजारी, नियमित मिळू लागली, तर डोंगरातल्या शेतकऱ्याला बांधलेले गिऱ्हाईक मिळेल आणि ताईंच्या दुकानाची गरज थोडी कमी होईल. तशी ती कमी झाली तर त्यांना वाईट वाटणार नाही, असे त्या स्वतः म्हणाल्या.

जगाचे पोट केवळ अशा दुकानांवर भरेल, असा माझा दावा नाही. नागलीचे हेक्टरी उत्पादन गव्हाच्या जवळपास निम्मे आहे, आणि २०५० पर्यंत जगाची लोकसंख्या सुमारे ९७० कोटी होणार आहे. मोठ्या प्रमाणावरचा गहू आणि भात आपल्याला लागणारच, आणि त्यासाठी ऊन व तांबेरा सोसणारी वाणे तयार करणारे शास्त्रज्ञही लागणार. निफाडच्या संशोधन केंद्राने आपल्या गव्हाच्या वाणांना त्र्यंबक, तपोवन अशी नाशिकचीच नावे दिली आहेत. ते काम आणि ताईंचे फडताळ यांत मला विरोध दिसत नाही, कारण नवे वाण घडवायलाही जुने बी कोणीतरी जपलेले असावे लागते. माझी चिंता जिल्ह्याच्या शेतीकडे पाहून वाढते. आपली उत्तम जमीन आणि उत्तम पाणी द्राक्षाला, कांद्याला, टोमॅटोला गेले आहे. त्यातून पैसा आला, घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि ते करणाऱ्या शेतकऱ्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. परंतु २६ नोव्हेंबर २०२३ च्या एका रात्रीच्या गारपिटीने निफाडकडच्या बागांचे काय केले, ते आपण पाहिले. ज्या शेतकऱ्याच्या बांधाशी खाण्यापुरती बाजरी किंवा नागली नव्हती, त्याला त्या वर्षी द्राक्षेही गेली आणि पीठही विकतच आणावे लागले.

दुकानाच्या वेळांविषयी एक तक्रार राहिली. सकाळी दहा ते संध्याकाळी सात असे म्हणतात, परंतु माल आणायला ताई पाड्यावर गेल्या की दुकान दोन-दोन दिवस बंद असते आणि तसे दारावर लिहिलेले नसते. मी तीन वेळा सिडकोहून जाऊन हात हलवत परत आले. वजनकाटा डिजिटल आणि बरोबर आहे. घरी दोनदा तपासून पाहिले. मोबाइलवरून पैसे देता येतात. पिशव्या मिळत नाहीत, आपल्या कापडी न्याव्यात.

नवी नागली दिवाळीनंतर यायला लागते आणि जानेवारीअखेर बहुतेक संपते, म्हणून वर्षाची भरायची असेल तर डिसेंबरात जावे. वरई त्याच्या थोडी आधी येते. ती घेताना मूठ भरून वास घ्यावा आणि कुबट वाटली तर घेऊ नये, ताई रागावत नाहीत. यंदा सासूबाईंनी मिटल्या मुठीसारख्या कणसाचे मूठभर बी मागून घेतले आहे. येवल्याला त्यांच्या भाच्याकडे विहिरीजवळ गुंठाभर मोकळी जागा आहे, तेथे जूनमध्ये रोप टाकायचे ठरले आहे. येवल्याच्या पावसात ती नागली कितपत येईल याची ताईंना शंका आहे, परंतु त्यांनी बी दिले आणि चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे गाव लिहिण्यासाठी जागा कोरी सोडली.